पटावर नसलेला विद्यार्थी

माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनांना हल्ली बरे दिवस आले आहेत. दिवाळीची सुटी लागली, की गावोगावची मंगल कार्यालये आणि हॉटेले कोणत्या ना कोणत्या 'बॅच'ने अडवून ठेवलेली असतात. "तू अगदी तसाच आहेस हं!" हे धादांत खोटे वाक्य त्या दिवशी शंभर वेळा उच्चारले जाते. एखाद्या थकलेल्या गुरुजींना खुर्चीत बसवून शाल आणि श्रीफळ दिले जाते. मग जेवण, मग छायाचित्रे, आणि मग वर्षभर मोबाइलवर सकाळच्या शुभेच्छा. यात वाईट काही नाही. आमच्या वर्ध्याच्या शाळेच्या संमेलनाला मीही जाते, दोन गुलाबजाम जास्तच खाते आणि हसून हसून दमते. पण रिक्षातून घरी परतताना एक प्रश्न हटकून सोबत येऊन बसतो. या मंडळींना बांधून ठेवणारे नेमके काय? एकच इमारत? एकच वर्ष? की शाळेने हातात ठेवलेले आणखी काही, जे आपण अजून खाली ठेवलेले नाही?

हा प्रश्न मला पडावा याला कारण माझी मावशी. ती दोन शाळांची माजी विद्यार्थिनी. एक वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरची सेवाग्रामची नयी तालीम शाळा आणि दुसरी तिकडे बंगालात रवींद्रनाथ ठाकुरांचे शांतिनिकेतन. मावशीचा जन्म १९३३ चा. आमचे आजोबा सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे तिचे बालपण आश्रमाच्या आसपास गेले. पुढे १९५३ मध्ये ती कलाभवनात चित्रकला शिकायला गेली. त्या काळी वर्ध्याची एक मुलगी एकटी हावडा मेलने बंगालात शिकायला जाते म्हटल्यावर नातेवाइकांत काय गहजब उडाला असेल, तो वाचकांनीच कल्पावा. शिक्षण पुरे करून ती परत आली तेव्हा एका काकांनी विचारले, "डिग्री दाखव बरं तुझी!" मावशीने ट्रंकेतून एक वही काढली आणि वहीतून एक वाळलेले पान. सातविणीचे. ते पान विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात त्या काळी हातावर ठेवीत. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "एवढ्या दूर जाऊन पालाच आणला का गं?" हा किस्सा मावशी जन्मभर सांगत असे आणि दर वेळी काकांचा आवाज काढीत असे.

पण मला सांगायचे आहे ते त्या पानाचे नाही. मावशीच्या या दोन शाळांमधून जपानपर्यंत गेलेल्या एका धाग्याचे आहे.

शांतिनिकेतनची शाळा रवींद्रनाथांनी डिसेंबर १९०१ मध्ये अवघ्या पाच मुलांवर सुरू केली. पुढल्याच वर्षी ओकाकुरा काकुझो हे जपानचे कलापंडित कलकत्त्यास आले. त्यांच्याबरोबर होरी शितोकु नावाचा एक तरुण होता. त्याला संस्कृत शिकायचे होते आणि तो शांतिनिकेतनात राहिला. तोच त्या शाळेचा पहिला परदेशी विद्यार्थी. म्हणजे विश्वभारती हे विद्यापीठ म्हणून १९२१ मध्ये उभे राहिले, सारे विश्व एका घरट्यात यावे असे त्याचे ब्रीद ठरले, त्याच्या कितीतरी आधी त्या घरट्यात पहिला पाहुणा पक्षी जपानहून येऊन उतरला होता. बिचाऱ्याला आयुष्य लाभले नाही. १९०३ मध्ये तो भारतातच वारला. पण जाण्यायेण्याची वाट त्याने पाडून ठेवली. ताइकान आणि शुन्सो हे चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्यास आले आणि पाण्याने रंग धुऊन चित्राला धुक्यासारखा ओलावा आणण्याची त्यांची हातोटी अवनींद्रनाथांनी उचलली. १९०५ मध्ये सानो नावाचे शिक्षक शांतिनिकेतनात ज्युदो शिकवू लागले. १९२९ मध्ये ताकागाकी आले आणि त्यांच्याकडे मुलीही ज्युदो शिकल्या. साडीचा पदर खोचून ज्युदो करणाऱ्या त्या मुलींच्या गोष्टी मावशीच्या वेळेपर्यंत वसतिगृहात सांगितल्या जात.

आणि ही वाट केवळ बंगालची नव्हती. आराई काम्पो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास रवींद्रनाथांच्या घरी शिकवायला आले, ते पुढे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन बसले. १९१७-१८ च्या सुमारास जपानी चित्रकारांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोकियोला नेल्या आणि १९२३ च्या भीषण भूकंपात त्यांची राख झाली. अजिंठा पाहून आलेल्या आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या भिंतींच्या आठवणीचा एक तुकडा तोकियोत जळून गेला आहे?

आता शांतिनिकेतन आणि वर्धा यांचा संबंध काय? संबंध माणसांचा. श्रीलंकेतले आर्यनायकम् हे रवींद्रनाथांचे चिटणीस. १९३० मध्ये कवी रशियाला गेले तेव्हा ते सोबत होते. त्यांच्या पत्नी आशादेवी या काशीच्या प्राध्यापक अधिकारी यांच्या कन्या. त्यांनी शांतिनिकेतनात मुलींना शिकवले होते. हे दांपत्य गांधीजींच्या कामासाठी वर्ध्यास आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली आणि जिच्यातून 'वर्धा योजना' म्हणजेच नयी तालीम निघाली, त्या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीचे निमंत्रक आर्यनायकम् होते. पुढे १९४४ मध्ये कलाभवनातून शिकून बाहेर पडलेले तरुण चित्रकार देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तिथल्या मुलांना चित्रकला आणि मातीकाम शिकवले. माझी मावशी त्यांच्याच हाताखालची. "पुस्तकातलं चित्र पाहून काढायचं नाही, आपल्या डोळ्यांनी पाहून काढायचं," एवढाच त्यांच्या वर्गाचा नियम होता, असे ती सांगे. विश्वभारतीच्या माजी मंडळींनी वर्ध्यात काय केले, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर हे असे आहे. त्यांनी हॉलही बांधला नाही आणि कोनशिलाही बसवली नाही. सूत कातणाऱ्या मुलांच्या हातात त्यांनी कुंचला दिला.

सेवाग्रामला जपानची ओळख मात्र निराळ्या दाराने झाली. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. वर्ध्याची मंडळी त्यांना फुजी गुरुजी म्हणत. त्यांच्या पंथाचे भिक्षू हातात पंख्यासारखे चपटे ढोलके घेऊन ते वाजवीत मंत्र म्हणतात. त्यांतलेच एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले आणि तिथे त्यांचे नाव केशव पडले. माझ्या मावशीला केशवभाई अंधूक आठवत. "ते चालले की आम्ही पोरं मागून चालायचो. ढोलकं ऐकायला. ते रागवत नव्हते कधी. हसत राहायचे नुसते," एवढेच ती सांगे. आठ वर्षांच्या मुलीला याहून अधिक काय आठवणार?

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. केशवभाई एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले आणि सरकारने त्यांना आश्रमातून नेले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचा आरंभ मात्र त्यांच्याच मंत्राने आणि त्यांच्याच ढोलक्याच्या साथीने होत राहिला. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारे ते चार-पाच जपानी शब्द वर्ध्याच्या पठारावर वऱ्हाडी कंठांतून उमटत राहिले. ज्या देशाची विमाने आता कलकत्त्यावर येणार अशी धास्ती होती, त्याच देशाची ही प्रार्थना!

आणि इथेच माझ्या मूळ प्रश्नाला धार येते. शाळासोबती चुकीच्या वाटेला लागला तर काय करायचे? संबंध तोडायचा, की संबंधाच्या भिडेने गप्प बसायचे? बहुतेक आपण या दोहोंतले एक करतो. संमेलनात जिच्या शेजारी बसून गुलाबजाम खाल्ले, तिला "बाई, तुझं हे चुकतंय" असे कोण सांगते?

रवींद्रनाथांनी सांगितले. १९१६ मध्ये ते जपानला गेले तेव्हा त्यांच्या स्वागताला अलोट गर्दी लोटली होती. तोकियोत त्यांनी राष्ट्रवादाच्या उन्मादाविरुद्ध व्याख्यान दिले आणि लोकांचा उत्साह थंड झाला. निरोपाच्या वेळी मोजकीच माणसे उरली. पुढे योने नोगुची हे जपानी कवी १९३५ मध्ये शांतिनिकेतनचे पाहुणचार घेऊन गेले आणि १९३८ मध्ये त्यांनीच चीनवरल्या जपानी स्वारीचे समर्थन करणारे पत्र रवींद्रनाथांना लिहिले. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच वर्षी चिनी जखमींच्या शुश्रूषेसाठी रवाना झाले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले, हे आपल्याला ठाऊक आहे. नोगुचींना रवींद्रनाथांनी जे उत्तर धाडले, त्याचा मथितार्थ असा, की ज्या लोकांवर माझे प्रेम आहे त्यांना मी यश चिंतीत नाही, पश्चात्ताप चिंतितो. मैत्रीच्या पत्रव्यवहारात इतके कठोर आणि इतके मायेचे वाक्य मी दुसरे वाचलेले नाही.

गांधीजींनीही तेच केले. जुलै १९४२ मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव मंजूर केला. त्याच आठवड्यात सेवाग्रामच्या कुटीत बसून त्यांनी समस्त जपानी लोकांना उद्देशून एक पत्र लिहिले. तुमच्याविषयी माझ्या मनात वैर नाही. पण चीनवर तुम्ही केलेले आक्रमण मला अत्यंत अप्रिय आहे. आम्ही इंग्रजांना जा म्हणतो आहोत, याचा अर्थ तुम्हांला या म्हणतो असा करू नका. आलात तर आम्ही सर्व शक्तीनिशी विरोध करू, असा त्या पत्राचा आशय. आणि त्याच पत्रात आश्रमातून नेलेल्या त्या जपानी साधूची आठवण आहे. त्याची कर्तव्यनिष्ठा, त्याचे सहज हसू, आणि मागे राहिलेले त्याचे छोटे ढोलके. आधी तुमचा माणूस आम्हांला किती प्रिय आहे हे सांगितले, आणि तुम्ही चुकता आहात हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. दोन्ही एकाच कागदावर.

मी वर्ध्याच्या एका ग्रंथालयात नोकरीला होते, त्यामुळे हे पत्र मला वाचूनच ठाऊक होते. ते खरोखर कळले १९९५ मध्ये.

त्याआधीच्या डिसेंबरात मी मावशीबरोबर शांतिनिकेतनला गेले होते. तिथे पौष महिन्यात उत्सव असतो. त्याची जत्रा सगळ्यांना ठाऊक असते, बाउल गाणाऱ्यांची, मातीच्या दागिन्यांची, खजुराच्या गुळाची. पण मावशी जत्रेसाठी गेली नव्हती. नऊ पौषाला, म्हणजे आपल्या पंचवीस डिसेंबरच्या सुमारास, तिथे माजी आश्रमवासीयांतल्या दिवंगतांचे स्मरण करतात. आंब्याच्या राईत जमिनीवर बसायचे, गेलेल्यांची आठवण काढायची आणि मग हविष्यान्न म्हणजे तुपाचा साधा भात सगळ्यांनी मिळून जेवायचा. संमेलनात जिवंत सभासदांचीच मोजदाद होते असे मी समजत होते. इथे मेलेल्यांचेही सभासदत्व चालू होते.

त्या राईत मावशीला तिची जुनी वसतिगृहसोबतीण भेटली. बाई जपानी होत्या. त्यांचे नाव मी इथे देत नाही. शांतिनिकेतनात थोरल्या मैत्रिणीच्या नावाला 'दी' लावतात, म्हणून मीही त्यांना दीदीच म्हणू लागले. त्या दोघी एकमेकींना पाहून ज्या सुटल्या, त्या थांबेचनात. एक वर्ध्याची, एक जपानची आणि बोलत होत्या अस्खलित बंगाली! मी मात्र दोघींच्या मध्ये मुकी. अधूनमधून मावशी माझ्याकडे वळून म्हणे, "समजून राहिलं ना तुला?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा बंगालीत शिरे.

दीदी आम्हांला निप्पोन भवन दाखवायला घेऊन गेल्या. जपानी भाषा आणि संस्कृती यांच्या अभ्यासाचे हे भवन त्याच वर्षी, १९९४ मध्ये, उघडले होते. त्यामागे मोठी खटपट होती प्राध्यापक काझुओ आझुमा यांची. हे गृहस्थ पूर्वी विश्वभारतीत जपानी शिकवायला आले, मनाने तिथलेच होऊन गेले आणि मायदेशी परतल्यावर रवींद्रनाथांच्या चाहत्यांकडून वर्गणी गोळा करीत राहिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रवींद्रनाथांचे साहित्य अनेक खंडांत जपानीत नेले. पुढे कोलकात्यात रवींद्र-ओकाकुरा भवनही उभे राहिले. दीदी म्हणाल्या, "आमच्याकडे वर्गणी देणाऱ्यांतले पुष्कळ जण शांतिनिकेतनला कधीच आले नाहीत. पण होरीचं नाव त्यांना ठाऊक असतं." ९० वर्षांपूर्वी वारलेला एक विद्यार्थी अजून वर्गणी गोळा करीत होता म्हणायचा!

निरोप घेताना मावशी त्यांना म्हणाली, "माझी एक शाळा पाहिलीस. दुसरी पाहायला ये." आणि जानेवारीत दीदी खरोखरच वर्ध्याला आल्या.

थंडीचे दिवस होते. तूर उभी होती, कापसाची वेचणी चालू होती. आम्ही त्यांना बापू कुटी दाखवली, १९३६ मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ दाखवला. आर्यनायकम् दांपत्याच्या आणि देवीप्रसादांच्या आठवणी निघाल्या. मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मलाही नीट ठाऊक नव्हती. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरच्या शांतिवाद्यांची एक परिषद भारतात भरली. ती भरवावी असे गांधीजी हयात असतानाच ठरले होते; त्यांच्या हत्येनंतर ती झाली. तिचा पहिला भाग शांतिनिकेतनला आणि दुसरा सेवाग्रामला. युद्ध संपून पुरती पाच वर्षे झाली नव्हती, जपान अजून अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. तरी जपानचे प्रतिनिधी दोन्हीकडे आले होते. मावशी तेव्हा सोळा वर्षांची. पाहुण्यांना पाणी द्यायच्या कामावर होती. "आम्हांला वाटलं, जपानी म्हणजे केशवभाईसारखेच असतील," ती म्हणाली. "ते आपले मान खाली घालूनच बसत."

संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. उघडे आकाश, खाली बारीक खडी. क्षणभर शांतता झाली आणि नेहमीप्रमाणे पहिला मंत्र सुरू झाला: नम् म्यो हो रेंगे क्यो. आश्रमातल्या एका म्हाताऱ्या भाऊंचा आवाज, उच्चार अस्सल वर्ध्याचे. मला त्यात नवे काहीच नव्हते. लहानपणापासून ऐकत आले आहे. दीदींनी मात्र एकदम मान वर केली. मग पुन्हा खाली घातली आणि प्रार्थना संपेपर्यंत वर केली नाही.

परत येताना मावशीने त्यांना केशवभाईंची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून 'हरिजन'चा तो अंक असलेला खंड काढला आणि ते पत्र त्यांना वाचून दाखवले. मी इंग्रजीतून वाचत होते, मावशी मध्येच एखादे वाक्य बंगालीत सांगे. वाचून झाल्यावर दीदी बराच वेळ गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मोठा भाऊ १९४४ मध्ये इंफाळच्या बाजूला गेला. परत आला नाही. आईला सांगितलं होतं, की तो हिंदुस्थानला स्वातंत्र्य मिळवून द्यायला गेला. आई मरेपर्यंत तेच सांगत होती. मी इथे शिकायला आले त्याचं एक कारण तेही होतं. ज्या देशासाठी भाऊ गेला, तो देश पाहावा." थोडे थांबून त्यांनी त्या खंडावर हात ठेवला. "आणि इथे तर दोन वर्षं आधीच लिहून ठेवलंय, की असे येऊ नका."

मला काय बोलावे कळेना. ग्रंथालयात पंख्याचाही आवाज नव्हता. बोलली ती मावशी. तिने ना समजूत काढली, ना वाद घातला. "आमच्या घरी भिंतीवर दोन फोटो होते," ती म्हणाली. "एक बापूंचा, एक नेताजींचा. आजूबाजूला. वडिलांना कोणी विचारलं, दोघांचं पटत नव्हतं न, मग दोघं कसे? तर ते म्हणत, भिंत माझी आहे, भांडण त्यांचं. तुझा भाऊ काय समजून आला ते तो जाणे. त्याला पाठवणारे चुकले हे खरं. अन् तो आमच्या मातीत राहिला हेही खरं. त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही, बाई."

त्या दिवशी मावशीने स्वयंपाकघरात कुणाला येऊ दिले नाही. भात, वर तूप, बाजूला मीठ आणि उकडलेला भोपळा, एवढेच पानात. मी म्हटले, "मावशी, पाहुण्यांना हे काय?" ती म्हणाली, "हविष्यान्न आहे. नऊ पौष काय वर्षातून एकदाच येते होय?" जेवायला बसण्यापूर्वी दीदींनी भावाचे नाव घेतले. मावशीने केशवभाईंचे घेतले. आम्हांला त्यांचे जपानी नाव येत नव्हते, म्हणून आश्रमाने दिलेलेच. मग तिघी जेवलो. दीदींनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा मावशीचा चेहरा खुलला.

दीदी गेल्या त्यानंतर दोघींचा पत्रव्यवहार शेवटपर्यंत चालू होता. पातळ निळ्या कागदांवर, बंगाली अक्षरांत. मावशी गेली तेव्हा मी तिकडे कळवले. उत्तरात दीदींनी एवढेच लिहिले होते, की येत्या नऊ पौषाला आंब्याच्या राईत मावशीचे नाव घेतले जाईल. मी सांगून ठेवले आहे. पुढे त्यांचीही पत्रे थांबली.

आज वर्ध्याला १९९७ पासून एक आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. परदेशी मुले-मुली हिंदी शिकायला येतात आणि बाजारात संत्र्यांचा भाव करताना दिसली की गंमत वाटते. सेवाग्रामची बंद पडलेली शाळा २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा भरू लागली. तिथली मुले शेतात काम करतात, कापूस पिंजतात, चित्रे काढतात. २०२३ मध्ये शांतिनिकेतनचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. ही मुलेही एक दिवस माजी विद्यार्थी होतील, हॉल घेतील, गुलाबजाम खातील. खावेत. पण एखाद्या वर्षी आपला जुना सोबती कुठल्याशा उन्मादात वाहवत चालला आहे असे त्यांना दिसले, तर तो हॉल सोडून न जाता त्याच्याच शेजारी बसून "हे चुकतंय" म्हणण्याचे बळ त्यांना शाळेने दिलेले असावे, एवढेच माझ्यासारखीला वाटते. आणि त्याला कोणी धरून नेले, तर त्याचे ढोलके वाजवायलाही कोणीतरी मागे उरावे.

केशवभाईंचे नाव सेवाग्रामच्या शाळेच्या पटावर कधीच नव्हते. ते शिकायला आले होते की शिकवायला, हेही सांगता यायचे नाही. त्यांना नेले त्याला ८० वर्षे उलटून गेली. संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली, की पहिली हजेरी अजून त्यांचीच लागते.